मानवशास्त्र सोडण्यापूर्वी एक टिपणवही भरून पाहा

प्रश्न : मानवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचे माझे पहिले सत्र नुकतेच संपले. आदिमानवाच्या कवट्या, जीवाश्म, उत्खनने यांच्या ओढीने मी हा विषय घेतला होता. पण सत्राचा निम्म्याहून अधिक वेळ आप्तसंबंधांच्या आकृत्या, भेटींच्या देवाणघेवाणीचे सिद्धान्त आणि शंभर वर्षांपूर्वीचे वाद यांतच गेला. वाचलेले डोक्यात राहत नाही. पुढच्या वर्षी क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायचा प्रत्यक्ष अभ्यास, आहे आणि मी अतिशय भिडस्त असल्यामुळे त्या विचारानेच पोटात गोळा येतो. घरी सतत एकच विचारणा होते, की हे शिकून पुढे करणार काय? विषय बदलण्याची मुदत या सत्राच्या अखेरीस आहे. बदलू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या पत्रात चार अडचणी आहेत आणि चारही खऱ्या आहेत, पण त्यांतल्या एकीच्याही आधारावर विषय सोडावा की ठेवावा हे आज ठरवता येणार नाही. याचे कारण असे, की सत्रभर तुम्ही मानवशास्त्रज्ञांनी काढलेले निष्कर्ष वाचले आहेत; ते निष्कर्ष ज्या कामातून निघतात, ते काम तुमच्या हातून अजून झालेलेच नाही. म्हणून माझे सांगणे इतकेच, की मुदत संपेपर्यंतच्या काळात निरीक्षण आणि टिपण यांचा एक छोटा प्रयोग नेटाने करून पाहा आणि मग निर्णय घ्या. हा प्रयोग कसा करावा, हे जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या अडचणींची उत्तरे बऱ्याच अंशी त्यातूनच मिळतील.

जिथे लोक रांग लावतात अशी एखादी सार्वजनिक जागा निवडा. ग्रंथालयाची खिडकी, रुग्णालयातील नोंदणीकक्ष, तिकीटघर, काहीही चालेल. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, तासभर तिथे बसा आणि दिसेल ते लिहा. पहिल्या दिवशी तुमच्या वहीत ‘लोक रांगेत उभे होते, काहीजण कंटाळले होते’ असे वाक्य उतरेल. ते खोडून टाका. कंटाळा तुम्हाला दिसलेला नाही; दिसला असेल तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारा माणूस. तेच लिहा. दोघांमध्ये किती अंतर होते, कोणी कोणाकडे पाठ केली, मध्येच बाहेर जाणाऱ्याने आपली जागा कशी राखली, पिशवी ठेवून की मागच्या माणसाला सांगून, आणि सांगितले असेल तर नेमके कोणत्या शब्दांत, हे नोंदवा. थेट खिडकीशी जाणाऱ्याला कोणी अडवले, कोणाला अडवले नाही, अडवणाऱ्याने स्वतःच्या वतीने तक्रार केली की ‘इतके लोक उभे आहेत’ असे सर्वांच्या वतीने म्हटले, हेही नोंदवा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा; डावीकडे पाहिलेले आणि ऐकलेले, उजवीकडे तुम्हाला त्याबद्दल जे वाटले ते. घरी आल्यावर, दुसऱ्या कोणाशी त्या विषयावर बोलण्याआधी, त्याच दिवशी टिपण सविस्तर लिहून काढा, कारण एकदा बोलून झाले की आठवण बोललेल्या शब्दांच्या साच्यात बसते आणि मूळ तपशील निसटतो. त्या जागेच्या कारभाऱ्यांनी विचारलेच, तर आपण काय करतो आहोत ते सरळ सांगा. कोणाची नावे टिपू नका आणि छायाचित्रे तर मुळीच काढू नका.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर साधारण असे घडते, की डावी बाजू भरभरून वाहू लागते आणि उजव्या बाजूची आधीची दोन-तीन मते चुकीची ठरतात. रांग मोडणाऱ्यावर लोक चिडतात असे तुम्ही सुरुवातीला लिहिले असेल. पुढे लक्षात येईल, की काही जणांनी रांग मोडली तरी कोणी चिडत नाही, आणि हे ‘काही जण’ कोण, हे लोकांना न सांगता ठाऊक असते. तो अलिखित नियम कोणता, हा तुमचा पहिला खरा मानवशास्त्रीय प्रश्न. तो पडल्यावर तुम्हाला पुन्हा त्या जागी जावेसे वाटते का, याकडे बारकाईने लक्ष द्या. विषय तुमचा आहे की नाही, याची यापेक्षा चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

आता वाचलेले डोक्यात राहत नाही त्याविषयी. बहुधा तुम्ही ग्रंथ शेवटाकडून वाचता, म्हणजे लेखकाचा सिद्धान्त आधी पाठ करता आणि ज्या तपशिलातून तो निघाला तो वगळता. उलट करून पाहा. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांचे आफ्रिकेतील झांदे लोकांमधील चेटकाविषयीचे काम तुमच्या वाचनयादीत असेलच. ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आज दक्षिण सुदानमध्ये मोडणाऱ्या प्रदेशात राहून केलेले आहे. परीक्षेपुरते लक्षात ठेवायचे तर ‘चेटकाची श्रद्धा ही तर्कसंगत विचारपद्धती आहे’ हे एक वाक्य पुरेल आणि ते आठवडाभरात विसरलेही जाईल. पण त्यांनी सांगितलेले धान्याच्या कोठाराचे उदाहरण सावकाश वाचा. कोठार खांबांवर उभे असते, उन्हाच्या वेळी माणसे त्याच्या सावलीत बसतात, आणि एखादे दिवशी ते कोसळून खालची माणसे जखमी होतात. वाळवीने खांब पोखरले होते, हे झांदे माणसाला पूर्ण ठाऊक असते. त्याबद्दल तो वाद घालत नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे : नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमक्या त्याच घटकेला ते का कोसळले? आपण याला योगायोग म्हणतो आणि पुढे जातो. झांदे विचारपद्धतीत दोन घटना एकत्र का आल्या याचेही कारण असते, आणि ते कारण म्हणजे चेटूक. एवढे समजले, की सिद्धान्ताचे वाक्य पाठ करण्याची गरजच उरत नाही.

प्रत्येक ग्रंथ याच रीतीने वाचावा. समासात पेन्सिलीने दोनच खुणा करा : लेखकाने स्वतः काय पाहिले आणि त्याचा अर्थ त्याने काय लावला. काही नामवंत ग्रंथांत पहिली खूण फार क्वचित करावी लागते, हे पाहून तुम्हाला नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी रानटी, असंस्कृत आणि सुसंस्कृत अशी मानवसमाजांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या पायऱ्यांवर ज्यांना बसवले होते, त्यांपैकी अनेकांचे जीवन जवळून पाहण्याची संधी तिच्या पुरस्कर्त्यांना मिळालेलीच नव्हती. ज्या शंभर वर्षांपूर्वीच्या वादांना तुम्ही कंटाळला आहात, ते बरेचसे याच गोष्टीवरून झाले आहेत. कोणी पाहिले, किती पाहिले आणि त्यावरून किती मोठे विधान करण्याचा त्याला अधिकार आहे, हा त्या वादांचा गाभा आहे. नावांची आणि ‘वादां’ची जंत्री करून पाठ केल्यास ते नीरस वाटणारच.

कवट्या आणि जीवाश्मांकडे वळू. तुमची ही ओढ मला अगदी रास्त वाटते आणि केवळ तिच्यासाठी विषय ठेवला तरी त्यात गैर नाही. १९७४ मध्ये इथिओपियातील हदार येथे सापडलेल्या ‘ल्युसी’ या आदिम मानवपूर्वज मादीचा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता, पण कटीच्या हाडांचा आकार आणि गुडघ्याचा कोन पाहता ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज उभे राहून चालू लागले होते. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पाऊलचिन्हे याचीच साक्ष देतात. प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने तर गेल्या काही वर्षांत या शाखेचे रूपच पालटले आहे. २०१० मध्ये निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांच्या जनुकसंचातील सुमारे १ ते २ टक्के भाग निअँडरथलांकडून आला असल्याचे स्पष्ट झाले. या संशोधनाचे प्रणेते स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हाडे एका बाजूला आणि माणसांचे व्यवहार दुसऱ्या बाजूला, ही जी वाटणी तुम्ही मनाशी केली आहे, ती टिकणारी नाही. अमेरिकी मानवशास्त्राचे एक संस्थापक फ्रान्झ बोआस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, मिळून सुमारे १८ हजार माणसांची, मोजमापे घेतली. डोक्याचा आकार हा वंशाचा अढळ पुरावा असल्याची समजूत त्या काळी पक्की होती. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांहून काहीसा वेगळा असल्याचे बोआस यांना आढळले आणि त्या समजुतीला तडा गेला. याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट : १९२८ मध्ये त्यांनी आपली मूळ मोजमापे जशीच्या तशी प्रसिद्ध केली. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन वेगवेगळ्या संशोधकगटांना तीच आकडेवारी नव्याने तपासता आली आणि बोआस यांचा निष्कर्ष कितपत टिकतो यावर त्यांना एकमेकांशी भांडताही आले. इरावती कर्वे यांचे उदाहरणही असेच आहे. बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी त्यांनी मानवी कवट्यांच्या असममितीचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा, अभ्यास केला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. इरावतीबाईंच्या मोजमापांतून मात्र असममितीचा आणि वंशाचा काही संबंध दिसला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे याच बाईंनी आप्तसंबंधांवर मूलभूत काम केले. कवटीवर ठेवलेल्या मापकाचा आकडा खरा असतोच; पण कोणत्या कवट्या कोणत्या गटात घालायच्या हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि ते कोण, कशासाठी ठरवतो हे पाहायला सामाजिक मानवशास्त्रच शिकवते.

आप्तसंबंधांच्या आकृत्यांवरचा तुमचा राग त्या स्वतः काढल्या की निवळेल. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीच्या १८९८ च्या मोहिमेत ब्रिटिश संशोधक रिव्हर्स यांनी वंशावळी गोळा करण्याची जी पद्धत बसवली, ती अजूनही उत्तम आहे. प्रश्न विचारताना त्यांनी वडील, आई, मूल, नवरा आणि बायको एवढ्याच मोजक्या नात्यांचा आधार घेतला. बाकी सर्व नाती उत्तरांतून जुळवत नेली. तुम्ही एखाद्या वयस्कर, बोलक्या परिचिताकडे जा आणि याच पाच शब्दांत प्रश्न विचारून तीन पिढ्यांची आकृती काढा. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, विवाहाला बरोबरीचे चिन्ह. अर्ध्या तासात आकृतीत कुठेतरी रिकामी जागा उरेल : कोणाचे नाव सांगणारा टाळतो, कोणाचा दुसरा विवाह सांगायचा राहतो, घरात वाढलेल्या एखाद्या मुलाला कोणत्या रेघेने जोडायचे यावर तो स्वतःच अडखळतो. ती जागा बळजबरीने भरू नका. ती तिथे का आहे, हे मात्र उजव्या बाजूला अवश्य लिहा.

आता भिडस्तपणा. क्षेत्रकार्य म्हणजे अनोळखी माणसांच्या घोळक्यात शिरून धडाधड प्रश्न विचारणे, अशी तुमची कल्पना झालेली दिसते. फार बोलका संशोधक हा पुष्कळदा वाईट संशोधक असतो, असे मी उघडपणे म्हणेन, कारण शांततेचे दोन क्षण त्याला सोसत नाहीत आणि समोरचा माणूस बोलणार तेवढ्यात हाच बोलून टाकतो. सहभागी निरीक्षणात, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेल्या निरीक्षणात, बराच वेळ नुसते हजर राहण्यात, हातभार लावण्यात, ऐकण्यात जातो. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिले. शंखशिंपल्यांचे तांबडे हार बेटांच्या वर्तुळात एका दिशेने आणि पांढरे बाजूबंद उलट्या दिशेने फिरवणाऱ्या ‘कुला’ या देवाणघेवाणीचे त्यांनी केलेले वर्णन आज प्रत्येक विद्यार्थी वाचतो. त्यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली, तेव्हा कंटाळा, चिडचिड, घरची ओढ आणि स्थानिकांविषयीचे अनुदार उद्गार यांनी ती भरलेली असल्याचे जगाला कळले. त्या उद्गारांचे समर्थन करण्याचे कारण नाही. तुमच्यापुरता मुद्दा एवढाच, की क्षेत्रकार्याचा आद्य आदर्श म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांनाही लोकांत मिसळणे सहज साधलेले नव्हते.

व्यवहारात सांगायचे तर पहिल्या भेटीत मुलाखत घेऊच नका. ज्या कामात हात रिकामे राहत नाहीत अशा ठिकाणी जा. वस्तू मोजायच्या, नोंदी उतरवायच्या, सामान हलवायचे अशा कामात सोबत करताना संभाषण आपोआप सुरू होते आणि डोळ्याला डोळा भिडवून बसण्याचा ताण राहत नाही. प्रश्न विचारायची वेळ आलीच, तर ‘तुम्ही असे का करता?’ असे विचारू नये, कारण ‘का’ म्हटले की माणूस सफाई देऊ लागतो. ‘मागच्या वेळी हे कसे झाले, सुरुवातीपासून सांगाल का?’ असे विचारावे. आणि टिपणांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची एका गावाच्या अभ्यासाची, वर्षानुवर्षे जुळणी करून तयार केलेली टिपणे १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लावल्या गेलेल्या आगीत जळाली. त्यांनी पुढे आठवणीच्या आधारे ग्रंथ लिहून १९७६ मध्ये प्रसिद्ध केला, हे खरे, पण तशी स्मरणशक्ती गृहीत धरून चालू नये.

संमतीविषयी तुमचे अध्यापक सांगतीलच. मी एकच भर घालतो. अर्जावर सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असे होत नाही. माणसाने आज विश्वासाने सांगितलेले उद्या त्याला छापलेले नको असू शकते, आणि ते वगळल्याने तुमचा निबंध लुळा पडत असेल तरी वगळावे लागते. अस्थींनाही हेच लागू आहे. प्रयोगशाळेत हाती येणारा सांगाडा कोणाचा, तो कोणाच्या परवानगीने तिथे आला, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आदिवासी समूहांचे अवशेष त्यांना परत करण्याचे बंधन संस्थांवर घातले, ते असे प्रश्न चिकाटीने विचारले गेले म्हणूनच.

राहता राहिला घरचा प्रश्न. त्याला गोलमोल उत्तर देऊ नका. मानवशास्त्राची पदवी म्हणजे ठरलेल्या नोकरीचा परवाना नव्हे, आणि अध्यापन-संशोधनाच्या वाटेने जायचे तर डॉक्टरेटसकट बरीच वर्षे लागतात व जागा थोड्या असतात, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. त्याचबरोबर ही पदवी घेतलेले लोक प्रत्यक्षात काय करतात हेही सांगा. संग्रहालये, सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन, वारसाजतन, न्यायवैद्यक तपास आणि अलीकडे सॉफ्टवेअर कंपन्यांतील वापरकर्त्यांचा अभ्यास, अशा ठिकाणी ते काम करतात. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाची साथ पसरली, तेव्हा मृतदेहांपासून होणारा संसर्ग थांबवण्यासाठी नुसते हुकूम काढून भागेना, कारण अंत्यविधीला मुकलेली कुटुंबे मृतदेह लपवू लागली. मानवशास्त्रज्ञांच्या मदतीने विधीतला कोणता भाग सुरक्षितपणे ठेवता येईल हे शोधले गेले आणि सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवण्यात आली. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या माणसांचे अवशेष ओळखण्यासाठी १९८४ मध्ये अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले, तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करायला पुढे आले ते मुख्यतः विद्यार्थी, मानवशास्त्राचे, पुरातत्त्वाचे आणि वैद्यकाचे. त्या विद्यार्थ्यांचा गट पुढे जगभर अशा तपासांत नावाजला गेला.

अशा कामांपर्यंत पोहोचायचे तर पदवीच्या जोडीला काहीतरी पक्के हवे. माझ्या मते ते संख्याशास्त्र किंवा एखादी नवी भाषा असावी. दोन्ही जमल्यास उत्तम. अस्थिविज्ञानाकडे जाणार असाल तर शरीररचनाशास्त्राला पर्याय नाही. ‘विषयच असा आहे, की आकडेमोड लागत नाही’ असे सांगणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांवर विश्वास ठेवू नका.

मुदतीच्या आठवडाभर आधी वही पहिल्या पानापासून वाचून काढा. रांगेच्या त्या जागी तुम्ही ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळा गेला असाल, तर विषय सोडू नका. टिपण लिहिणे दरवेळी ओझे वाटले असेल आणि मन फक्त हाडांकडेच धावत असेल, तर जीवशास्त्र किंवा पुरातत्त्व हा मुख्य विषय करून मानवशास्त्र दुय्यम ठेवता येते का, ते पाहा. त्यात कमीपणा नाही. दोन्हीही प्रकर्षाने जाणवले नाही, तर वही घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि त्यांना तीन गोष्टी विचारा : दुसऱ्या वर्षी अस्थिप्रयोगशाळेत प्रत्यक्ष हाताळणीचे किती तास मिळतात, क्षेत्रकार्यात एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, आणि विषय बदलल्यानंतर परत यायचे झाल्यास नियम काय आहे. तिन्हींची उत्तरे हाती आल्याशिवाय बदलाच्या अर्जावर सही करू नका.